छप्पर बोरीला सापडलं

दत्तराव सरपंचांनी माइक हातात घेतला आणि सविताबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. जिल्हा परिषदेच्या शाळेत हयात घालवलेल्या बाईंना गावचे सत्कार पाठ होते. एकाला बोलावून दुसऱ्याला विसरलं, तर तो पुढच्या हरिनाम सप्ताहापर्यंत रुसून बसतो. म्हणून कुणालाच विसरायचं नाही. जो तो शाल घालायला येतो आणि शाल घालणाऱ्याचाही मग सत्कार होतो. शिवाय गावच्याच शिवकांत कापडवाल्यानं राणीसावरगावच्या दुकानातून शालींचा गठ्ठाच आणून ठेवला होता.

त्यातही आजची पाहुणी पार फिलिपिन्सची. शिवकांतची मुलगी शिवानी डॉक्टरकी शिकायला तिकडे गेली, तेव्हा याच लिगायाबाईंच्या माडीवर राहायची. तरुणपणी लिगायाबाई त्यांच्या देशाच्या सौंदर्यस्पर्धेत पहिल्या आल्या होत्या. डोक्यावर मुकुट चढला, तेव्हा लोकांना वाटलं, आता ही सिनेमात जाणार. त्या गेल्या गावच्या नगरपरिषदेत, निवडून. नळाचं पाणी, बालवाड्या, वादळात पडलेली घरं, यातच त्यांचे केस पिकले. ते काम सोडल्यावर त्या मुलांसाठी गोष्टी लिहायला लागल्या. हैदराबादला पुस्तकांच्या मेळ्याला आल्या होत्या, तिथून शिवानीनं त्यांना एका दिवसासाठी गावाकडे ओढून आणलं. संध्याकाळी गंगाखेडहून परतीची गाडी होती.

त्यांचं एक पुस्तक शिवानीनं सविताबाईंना आधीच आणून दिलं होतं, गोष्ट मराठीत सांगितलीही होती. वादळात एका मुलीच्या घराचं छप्पर उडून जातं आणि ती ते शोधत या बेटावरून त्या बेटावर फिरते. निवृत्तीनंतर सविताबाई दर रविवारी शाळेच्या कडुलिंबाखाली मुलांना जमवून गोष्टी सांगत. तिथं या गोष्टीची पहिल्याच दिवशी गाडी अडली.

"बाई, बेट म्हंजे?" पाचवीतल्या निकितानं विचारलं.

"चहूकडं पाणी आन् मधी गाव."

"तसं आपल्याकडं कुठं हाय?"

"न्हाई. मग आपल्याकडचं छप्पर उडालं तर कुठं जाईल?"

यावर मुलांचं जोरदार भांडण झालं. बाईंनी भांडू दिलं. वर्ग असा भांडायला लागला की शिकवणाऱ्यानं गप्प बसावं, असं त्यांचं मत होतं. भांडता भांडता गोष्टीतली बेटं गेली, जिल्ह्यातली पाथरी आली, बोरी आली. शेवटही बदलला. आता ही गोष्ट लिहिणारीलाच ऐकवायची म्हणून मुलं सकाळपासून तेल लावून, भांग पाडून बसली होती. ऐकवू, असा शब्द बाईंनी दिला होता.

आणि शाली संपत नव्हत्या. पाहुणीच्या डोक्यावर फेटा होता, अंगावर शालींचा डोंगर होता. तरी मान ताठ आणि चेहरा हसरा.

निकितानं बाईंचा पदर ओढला. "बाई, आमचा नंबर कवा?"

"शाली संपल्या की."

निकितानं गठ्ठ्याकडे बघितलं. "लय हायेत, बाई."

बाई उठून दत्तरावांकडे गेल्या. "सरपंच, लेकरांचं मधी घेता का?"

"घेऊ की, बाई. सोसायटीचे माजी चेअरमन तेवढे राहिलेत. वाटंतच हायेत."

"कुठवर आले?"

"शेतात बैल सोडायलेत."

बाईंनी जीपकडे पाहिलं. ड्रायव्हर बॅगा चढवत होता. त्या परत येऊन मुलांत बसल्या.

लिगायाबाईंनी हे सारं स्टेजवरून पाहिलं असावं. त्या शिवानीच्या कानाशी काहीतरी बोलल्या. शिवानीनं क्षणभर त्यांच्याकडे बघितलं आणि माइक घेतला.

"मॅडम म्हणायल्यात, त्यांच्या गावात एक रीत हाय. सत्कार चालू असला की मधी लेकरांची गोष्ट ऐकायची. त्याबगर पुढची शाल घेत नसतेत."

दत्तरावांनी फेटा सारखा केला. "रीत म्हटल्यावर संपलं," ते म्हणाले. "पाव्हण्याची रीत आपुन मोडत नसतो. चला रं, लेकरांनो."

लिगायाबाई खाली उतरल्या. अंगावरच्या शाली मातीत अंथरल्या, मुलांना त्यांवर बसवलं आणि स्वतःही मांडी घातली. निकिता सांगत होती, शिवानी त्यांच्या कानात इंग्रजीत सांगत होती. पाथरीचं नाव आल्यावर त्या हसल्या. छप्पर बोरीला सापडलं, तेव्हा मात्र त्या पुढे सरकल्या. त्यांच्या पुस्तकात ते सापडतच नाही.

"मग मुलीनं परत आणलं?" त्यांनी शिवानीकरवी विचारलं.

"न्हाई," निकिता म्हणाली. "ते तिथल्या शाळंवर जाऊन बसलं हुतं. त्या शाळंला छप्परच न्हवतं. खाली लेकरं शिकायली हुती. मग तिनं ऱ्हाऊ दिलं. तीबी तिथंच शिकायला बसली."

लिगायाबाईंनी शेवटचं वाक्य शिवानीकडून पुन्हा ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "पुस्तक पुन्हा छापताना हा शेवट मी घेऊ का? तुमची नावं घालून."

निकितानं मागे वळून सगळ्यांचे चेहरे बघितले. कुजबुज झाली. "घ्या म्हणायलेत," तिनं सांगितलं. "पर बोरीचं नाव गाळायचं न्हाई."

"मुकुट कुठंय तुमचा?" मागून कुणीतरी विचारलं.

"कपाटात," लिगायाबाई म्हणाल्या. "तो घातला की मान खाली घालता येत नाही. मग वाचणार कसं?"

एवढ्यात हातात नारळ घेऊन माजी चेअरमन आले. सगळे खाली बसलेले पाहून तेही बसले आणि शेजारच्या पोराला म्हणाले, "काय झालं रं? पयल्यापून सांग."

जीप निघताना सविताबाईंनी शिवानीला बाजूला घेतलं. "खरंच अशी रीत हाय का गं तिकडं?"

"इतकी वर्षं ऱ्हायले, बाई. मला तर दिसली न्हाई."

पुढे सव्वीस जानेवारीला झेंड्याखाली आमदारांच्या माणसाचा सत्कार निघाला. दोन शाली झाल्या, तिसरी उघडली, तेवढ्यात दत्तरावांनी हात वर केला.

"थांबा," ते म्हणाले. "आदी लेकरांची गोष्ट. रीत हाय ती."