बाबांचा ‘हो’

मित्रांनो, मी एक जुना टॅब आहे. माझ्या काचेला वरच्या कोपऱ्यात तडा गेला आहे आणि वायर लावल्याशिवाय मी आता डोळा उघडत नाही. कपाटात, स्वेटरांच्या घडीखाली माझी जागा आहे. पण एके काळी या घरात माझ्याशिवाय कुणाचं पान हलत नसे.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. पांढरे हातमोजे घातलेल्या एका बाईने माझ्यावर काच बसवली आणि ती फुंकर मारून पुसली, एवढंच आठवतं. पहिली खरी ओळख झाली ती या घराशी.

या घरात तिघंजण. बाबा बस स्थानकावर निवेदक होते. कोणती बस कोणत्या फलाटावर लागणार, ते भोंग्यातून सांगायचं हे त्यांचं काम. आवाज असा खणखणीत की झोपलेला प्रवासीही पिशवी उचलून उभा राहायचा. शेजारीपाजारी त्यांना प्रेमाने ‘भोंगा’ म्हणत. आई चष्म्यांच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. आणि त्यांची एकुलती एक मुलगी. ती पूल बांधण्याचं शिक्षण घ्यायला परदेशातल्या विद्यापीठात निघाली होती. जाण्याआधी तिने मला साखरेच्या डब्याला टेकवून उभं केलं आणि आईबाबांना शिकवलं, “हे वाजलं की हे हिरवं गोल दाबायचं. मग मी दिसेन.”

पहिल्या दिवशी बाबा एवढ्या मोठ्याने बोलले की माझी काच थरथरली. आई म्हणाली, “अहो, आवाज यातून जातो. समुद्र तुम्हाला पार करायचा नाहीये!”

ती मुलगी मुळात फार बुजरी. घरी पाहुणे आले की पाण्याचे पेले ठेवून जी पळायची, ती ते गेल्यावरच बाहेर यायची. सुरुवातीला माझ्या काचेतही तिचा अर्धाच चेहरा दिसे. वर्गात तोंड उघडायची भीती वाटते, म्हणायची. पण हळूहळू तिचा चेहरा पुरता दिसू लागला. नाना देशांची मुलं तिच्या गटात होती. भांडायची, समजावायची, एकाच पातेल्यातलं खायची. ती खोलीतला बिघडलेला हीटर स्वतः उघडून बसायची. एकदा उड्या मारतच आली.

“बाबा, आमचा पूल पडला! म्हणजे नमुना. वजन ठेवत गेलो आणि मोडला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.”

“पडला म्हणून टाळ्या?” बाबा चकित.

“कुठून मोडतो ते मी आधीच सांगितलं होतं ना! सर म्हणत होते दुसरीकडून मोडेल. मी म्हटलं, नाही, इथूनच.”

“सरांना नाही म्हणालीस? तू?”

“इथे सर म्हणतात, मला खोटं ठरवून दाखवा.”

बाबांनी ती गोष्ट स्थानकावरच्या प्रत्येक चालक-वाहकाला सांगितली. मलाही वाटे, आपल्यामुळे हे घर एवढं मोठं झालं.

मग तो दिवस आला.

दुपारच्या पाळीला जाण्याआधी बाबा माझ्यासमोर चहा घेत बसले होते. आई दुकानात. लेक तिकडे नुकतीच उठून दात घासत बोलत होती. बाबा म्हणाले, “तुझी ती मैत्रीण... ती... समोरची... पाणी...” पुढचे शब्द एकमेकांत अडकले. कप कलंडला. बाबांचा चेहरा एका बाजूने ओघळल्यासारखा झाला आणि ते माझ्या डोळ्यासमोरून खाली गेले.

मित्रांनो, मला एकच डोळा आणि तोही वळवता येत नाही. मी तिला रिकामी खुर्ची दाखवत राहिलो.

“बाबा! बाबा, दिसत नाही तुम्ही! बाबा!”

तिचा आवाज मी जेवढा मोठा करता येईल तेवढा केला. त्यापलीकडे माझ्या हातात काही नव्हतं, कारण मला हातच नव्हते. तिने दुसऱ्या फोनवरून चष्म्याच्या दुकानात कळवलं. आणि मग ती खुर्चीशी बोलत बसली. “आई निघाली आहे, बाबा. हलू नका. मी इथेच आहे.” ती ‘इथेच’ म्हणाली. केवढी लांब होती ती!

आई दुकानाच्या मालकांना घेऊन धावत आली. बाबा वाचले, पण डॉक्टर म्हणाले, मेंदूतल्या बोलण्याच्या जागेला धक्का बसला आहे. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. घरी आले तेव्हा भोंग्याजवळ एकच शब्द उरला होता. हो.

चहा हवा का? हो. नको का? हो. दुखतंय का? हो. स्वतःचाच शब्द ऐकून ते चिडत आणि चिडून पुन्हा म्हणत, “हो! हो!”

लेकीने तिकडे बॅग भरायला घेतली. परीक्षा तोंडावर होती. आता सोडलं तर पुन्हा प्रवेश मिळेल याची खात्री नव्हती. तिने आईला बाबांना माझ्यासमोर बसवायला सांगितलं.

“बाबा, मी परत येऊ?”

“हो.”

“शिक्षण सोडून?”

“हो.”

“की इथेच राहू? पूर्ण करू?”

“हो.”

ती ओठ चावत राहिली. “आई, मला कळत नाहीये गं. काय म्हणतायत ते?”

मला कळत होतं. बाबा माझ्यापासून वीतभर अंतरावर होते. पहिल्या ‘हो’ला त्यांचा डावा हात माझ्या काचेकडे झेपावला होता, तिच्या गालावर टेकला होता. शेवटच्या ‘हो’ला त्यांनी तोच तळवा माझ्या डोळ्यावर ठेवला, लेकीला रडणं दिसू नये म्हणून. तिला तेवढा काळोख दिसला. मी ओरडून सांगायला हवं होतं. पण मी दुसऱ्यांचाच आवाज पोचवतो. माझा मला नाही.

आईने त्यांचा हात अलगद बाजूला केला. “ते म्हणतायत, शीक,” ती म्हणाली. “येऊ नकोस. मी आहे इथे.”

लेक राहिली. परीक्षेला बसली. पण पुढचे कितीतरी दिवस ती माझ्या काचेत आली की आधी खाली बघायची, मग आमच्याकडे.

तिच्या समोरच्या खोलीत एक मैत्रीण राहायची, तिसऱ्याच देशातली. ती वाचा गेलेल्यांना बोलतं करण्याचं शिक्षण घेत होती. एके दिवशी लेक तिला घेऊनच माझ्यासमोर बसली.

“आई, ही म्हणते, ज्याला बोलता येत नाही त्याला कधीकधी ठेक्यात, सुरात म्हणता येतं. बाबांनी जन्मभर सुरात काय म्हटलंय?”

आईला क्षणभर कळेना. लेकीने टेबलावर बोटं वाजवली आणि सुरू केलं, “प्रवाशांनी... कृपया...”

बाबांचा डावा हात मांडीवर पडू लागला. ठेका जुळला. तोंड वेडंवाकडं झालं आणि आतून कुठून तरी आलं, “प्रवाशांनी... कृपया... लक्ष द्यावे!”

आईही टेबलावर ठेका धरू लागली. तिकडे त्या मैत्रिणीला आपली भाषा ओ की ठो कळत नव्हती, पण तिने डोळे पुसले.

मग रोज शिकवणी. पुढे त्याच चालीवर बाबा म्हणायला शिकले, “प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे, चहा थंड झाला आहे.” घर कितीतरी दिवसांनी हसलं. तरी मधूनच माझं चित्र गोठायचं, आवाज तुटायचा. बाबा महत्प्रयासाने एखादा शब्द जुळवत आणि तो तिच्यापर्यंत पोचायचाच नाही. “पुन्हा म्हणा ना, बाबा,” ती म्हणायची. पुन्हा म्हणणं त्यांना जमायचं नाही. त्या शब्दांचं ओझं अजून माझ्यावर आहे.

लेक पदवी घेऊन जुन्या पुलांची तपासणी करणाऱ्या कचेरीत तिकडेच लागली. मग सुटी काढून घरी आली. इतक्या दिवसांनी मी तिला पुन्हा काचेबाहेर पूर्ण पाहिलं. पाहुणे आले तर पळाली नाही; खुर्ची ओढून त्यांच्याशी गप्पा मारत बसली. बाबा तिच्याकडे बघतच राहिले.

पाहुणे गेल्यावर ती बाबांची नखं कापत होती. मान वर न करता तिने विचारलं, “बाबा, तेव्हा तुम्ही हो म्हणालात, ते नेमकं कशाला?”

बाबांनी वेळ घेतला. आई आतून येऊन दारात उभी राहिली.

“ये,” बाबा म्हणाले. “ये... म्हणत होतो.”

कात्री थांबली. लेकीने आईकडे पाहिलं.

“माहीत होतं मला,” आई म्हणाली. “मला काय त्यांचा हो कळत नाही?”

“मग खोटं का सांगितलंस?”

आईने चष्मा काढला. ती पदराने चष्मा पुसत राहिली. बाबांनी डाव्या हाताने लेकीचा हात धरला आणि आईकडे पाहिलं. शब्द गोळा व्हायला खूप वेळ लागला. कुणी त्यांच्या तोंडात शब्द घातला नाही.

“बरं... केलंस,” ते आईला म्हणाले. आणि लेकीचा हात मात्र त्यांनी सोडला नाही.

सुटी संपली, ती परत गेली. जाताना नवा टॅब ठेवून गेली, मोठ्या काचेचा. मला आईने पुसून कपाटात ठेवलं. माझी तक्रार नाही.

मित्रांनो, तुम्हीही उद्या दूर देशी शिकायला जाल. जरूर जा. मी स्वतः पाहिलंय, तिथे अर्धा चेहरा पुरता होतो. पण घरच्यांशी बोलताना घाई करू नका. ज्याला शब्द लवकर सापडत नाही, त्याचं वाक्य तुम्ही पुरं करू नका, थांबा. आणि घरी आलात की आम्हाला बाजूला ठेवा आणि त्यांच्या जवळ जाऊन बसा. मी सगळं पाहिलं, सगळं ऐकलं, पण पडणाऱ्याला धरू शकलो नाही. तुम्हाला हात आहेत.