हात धुऊन येतो

चीफसाहेबांनी अख्खा जन्म समुद्रावर काढला, पण समुद्र काही पाहिला नाही. ही थट्टा नव्हे, त्यांच्या बायकोची जुनी तक्रार आहे. मालवाहू जहाजाचा मुख्य इंजिनिअर म्हणजे नावाला पाण्यावर, राहायला तळघरात. वर सूर्य उगवो की मावळो, खाली तोच दिवा, तोच धडधडाट, तोच तेलाचा वास.

निवृत्तीआधीची ही शेवटची सफर, म्हणून बायकोलाही सोबत यायची परवानगी मिळाली. खलाशी त्यांना वहिनी म्हणू लागले. सुरुवातीला वहिनींचं पोट ढवळलं. पण ते निवळल्यावर ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या वरच्या खोलीत, खुर्ची टाकून ज्या बसल्या त्या उठेचनात. काय काय पाहिलं त्यांनी! तेलात मोहरी तडतडावी तसे पाण्यातून उडणारे मासे. पंख न हलवता दिवस दिवस सोबत करणारा एक पांढरा पक्षी, त्याला त्यांनी 'पाहुणा' असं नावच देऊन टाकलं. एकीकडे धो धो पाऊस, दुसरीकडे लख्ख ऊन, आणि दोन्ही एकाच खिडकीत. आणि देवमासे!

देवमासा दिसला की वहिनी इंजिनरूमला फोन लावायच्या.

"अहो, लवकर या!"

"आलोच, हात धुऊन येतो."

इथंच घोडं पेंड खायचं. तेलकट हातांनी आणि इंजिनरूमच्या बुटांनी ब्रिजवर पाऊल टाकायचं नाही, हा चीफसाहेबांचा नियम. तो त्यांना कुणीही घालून दिला नव्हता, बिचाऱ्या कप्तानानं तर मुळीच नाही. आधी साबणाची पावडर चोळून कोपरापर्यंत हात धुवायचे, मग नखं, मग बूट बदलायचे, मग ते उभे जिने. वर येईपर्यंत देवमासा कधीच गुल झालेला असायचा. चीफसाहेब धापा टाकत मोकळ्या पाण्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "छान आहे."

"डोंबल छान! बोटं बघा, किती गोरी झालीत ती," वहिनी फणकारायच्या.

फणकारा वरवरचा होता, आत मात्र दुखत होतं. लग्न झाल्यापासून हा माणूस समुद्रावर आणि त्या घरी. मुलांची आजारपणं, परीक्षा, गळकी छपरं, सगळं एकटीनं निभावलं. ज्या समुद्रानं इतकी वर्षं नवरा पळवला, त्यानं दोघांना मिळून एक तरी गोष्ट दाखवावी, एवढंच त्यांचं मागणं होतं. आणि बंदर तर आता परवावर आलेलं.

त्या दुपारी अचानक धडधडाट थांबला. इंजिनाची एक नळी गळायला लागली होती, दुरुस्ती होईपर्यंत जहाज तिथंच तरंगत राहणार होतं. इतकी शांतता वहिनींना सोसेना, म्हणून त्या खालच्या डेकवर फिरायला आल्या. कठड्याशी पोचतात तोच शेजारी मोठ्ठा फुसकारा झाला आणि तोंडावर तुषार आले. देवमाशाची एक मादी होती, आणि तिला बिलगून तिचं पिल्लू.

आता फोन करावा तर नवरा बंद इंजिनाशी झुंजतोय. वहिनी नुसत्या हात चोळत उभ्या राहिल्या. तेवढ्यात इंजिनरूमचं लोखंडी दार उघडलं आणि घामानं निथळणारे चीफसाहेब वाऱ्याला बाहेर आले.

"झालं बुवा एकदाचं. आता जरा हात धु—"

"खबरदार हात धुतलेत तर!" वहिनींनी त्यांचा काळा हात घट्ट धरला आणि त्यांना ओढतच कठड्याशी नेलं.

पिल्लू आईच्या पाठीवर चढत होतं, घसरत होतं, पुन्हा चढत होतं. आई कुशीवर वळली आणि तिचा एक डोळा पाण्यावर आला. चीफसाहेबांनी आ वासला आणि काळ्या हातानं वहिनींची बाहीच पकडली.

"अगं, केवढी ही! रोज असतात या इथं?"

"असतात ना. तुम्ही हात धुता तेव्हा."

दाराशेजारचा फोन वाजला. कप्तान विचारत होता, "चीफसाहेब, निघूया का?"

बंद पडलेलं इंजिन गरजेपेक्षा एक क्षण जास्त बंद ठेवणं चीफसाहेबांनी उभ्या आयुष्यात केलं नव्हतं.

"अजून थोडा वेळ लागेल," चीफसाहेब बेधडक म्हणाले.

"सावकाश होऊ द्या," कप्तान म्हणाला. वहिनींनी मान वर केली, तर स्वारी ब्रिजच्या कठड्यावर फोन कानाला लावून ओणवी झालेली, नजर पाण्यात.

संध्याकाळी जहाज पुन्हा धडधडत निघालं. वहिनी आपल्या खुर्चीत बसल्या होत्या, काळी पाच बोटं उमटलेली बाही तशीच होती. ब्रिजवरचा फोन वाजला. खालून वहिनींसाठी असा फोन या सफरीत पहिल्यांदाच आला होता.

"अगं, आहे का काही वर?"

वहिनींनी बाहेर पाहिलं. आज पाहुणासुद्धा नव्हता.

"काही नाही हो. नुसते ढग आहेत."

"थांब, आलोच," चीफसाहेब म्हणाले, आणि खरोखरच लगेच आले. बूट दाराबाहेर काढलेले, हात काळेकुट्ट.