टाकाऊ डब्याच्या शोधात

जामसरला परसबागेच्या प्रशिक्षणात संस्थेच्या बाईंनी सोपं करून सांगितलं होतं: घरातला टाकाऊ डबा घ्यायचा, बुडाला भोक पाडायचं, माती भरायची, बी लावायचं. सुनिताला सगळं पटलं. अडलं ते पहिल्याच वस्तूला.

तिच्या घरात टाकाऊ डबाच नव्हता. तेलाच्या डब्यात पाणी होतं, रंगाच्या बादलीत तांदूळ. खोकल्याच्या औषधाची बाटली खोकला गेल्यापासून चिमणी होऊन उजेड देत होती. शेवटी एक गंजका पत्र्याचा डबा सापडला, तर सासू धोंडीबाई म्हणाली, "त्यो राहू दे. कोंबडी बसते त्यात."

इकडे ओल्या फडक्यातल्या काकडीच्या बारा बियांना मोड आले होते. आज मातीत गेल्या नाहीत तर फुकट. सुनिताला वीतभर जमीन नाही. पण जिवा नावाच्या शेजाऱ्याने त्याचं कुंपण तिच्या वेलांना दिलं होतं, तेही याच वर्षापुरतं. थेट कुंपणाशी बी टाकावं तर कोंबड्या उकरणार. त्यात ती डब्यात बसणारीही आलीच.

रविवार होता. सुनिता पाड्यातून शिरपामाळावर चढली. तिथे फिरायला पाहुणे येतात, खातात आणि टाकून जातात, हा आजवरचा अनुभव. नेमकं त्या दिवशी नाशिकचं एक शिस्तीचं जोडपं भेटलं. दह्याचे कप रिकामे झाले, बाटलीच्या पाण्याने विसळले गेले आणि पिशवीतल्या आधीच्या कपांवर जाऊन बसले.

"ताई, ते कप टाकायचं असतील तं मला द्या."

"आम्ही कचरा टाकत नाही हो," बाई म्हणाल्या. "घरी नेतो."

"घरी नेऊन काय करता?"

"गच्चीवर रोपं लावते मी त्यात."

सुनिता त्यांच्याजवळ खालीच बसली. कचऱ्याला दुसरं गिऱ्हाईक असेल, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

"घरी असतील ना अजून?"

"असतील थोडे."

"एकशे ऐंशी," बाईंचा नवरा म्हणाला. "माझ्या पलंगाखाली."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. तो सह्याद्री बघू लागला.

सुनिताने कमरेला खोचून आणलेलं ओलं फडकं सोडलं. "मला आजच लावायचं हाय. मोड आलं."

"कसली बी आहे?"

"काकडीची. आईनं धरलेलं बी."

"म्हणजे गावठी?" बाईंचा आवाज एकदम मऊ झाला. "चार द्याल?"

चार बिया गेल्या, झाकणांसकट आठ कप आले.

घरी धोंडीबाईने एक कप उचलला, झाकण लावून पाहिलं, काढून पाहिलं. "याला भोक पाडणार?"

"पाडाया लागतं, आये. पाणी साचून मूळ कुजतं."

"असला गुळगुळीत डबा. माझी मिसरी ऱ्हायली असती."

चुलीत खिळा तापवून सुनिताने एकेक बूड टोचलं. दरवेळी धोंडीबाईने असा चेहरा केला, जणू खिळा तिलाच लागतो आहे. माती भरून झाली, आठ बिया आत गेल्या. कोंबडी दारातून डोकावली, तशी धोंडीबाईच काठी घेऊन कपांपाशी बसली.

"रोप कधी काढशील?"

"दोन-तीन आठवड्यांनी."

"म्हंजे मग डबं मोकळं."

"भोकाचं डबं, आये."

"असू दे," धोंडीबाईने झाकणं पदरात बांधली. "मेण लावलं का भोक बुजतं."