बुडख्यावरची खूण

बाबांनी पट्टी पेल्याला टेकवली आणि डोळ्याला भिंग लावलं. कांद्याच्या पातीचा चिरून उरलेला बुडखा पाण्यात उभा होता, पांढऱ्या मुळ्या सोडून. काल वरची पात साडेदहा सेंटिमीटर भरली होती. आज पावणेनऊ.

त्यांनी भिंग पुसलं, पुन्हा मोजली. पावणेनऊच.

कुणी कापली म्हणावी, तर शेंडा कोवळा, टोकदार, अगदी शाबूत. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करण्यात गेली. मागे पडणारी घड्याळं त्यांनी ढिगानं पाहिली होती. पण उलटी वाढणारी पात?

“सूनबाई, ही कालच्यापेक्षा आखूड दिसते का गं?”

भाजी चिरणाऱ्या सुनेची सुरी क्षणभर थांबली. “लाजली असेल, बाबा. दिवसातून दहादा भिंग लावून बघता तिच्याकडे!”

बाबा हसले, पण हसू गालातच विरलं. गेल्या महिन्यात त्यांच्या हातून गॅस उघडा राहिला, तेव्हा मुलगा म्हणाला होता, “आता बाबांना आश्रमातच ठेवू. तिथे चोवीस तास माणसं असतात.” सुनेनं मध्ये पडून एक महिना मागून घेतला होता. टाकून द्यायचा बुडखा पेल्यात ठेवून ती बाबांना म्हणाली होती, “रोज याचं पाणी बदलायचं. एवढं महिनाभर जमलं, की पुढचं मी बघते.”

महिना भरायला आता आठवडा उरला होता. पात उलटी वाढते, हे मुलाला सांगायची सोय नव्हती.

मग त्यांना धंद्यातली रीत आठवली. दुरुस्त केलेल्या प्रत्येक घड्याळाच्या झाकणाआड ते सुईनं खूण कोरत: एक उभी रेघ आणि खाली डावीकडे वळलेली शेपटी. घड्याळ परत आलं, की झाकण उघडताच कळायचं, हे आपल्याच हातचं. तीच खूण त्यांनी बुडख्याच्या पांढऱ्या सालीवर कोरली.

दुसऱ्या दिवशी खूण जागेवर. तिसऱ्या दिवशीही. बाबांच्या जिवात जीव आला. आज पाणी बदललं का? बदललंच की. का ते काल?

महिना भरला त्या सकाळी त्यांनी पुन्हा भिंग लावलं. खूण होती. रेघ उभी होती. शेपटी मात्र उजवीकडे.

बाबा कितीतरी वेळ पेला फिरवत राहिले, जणू दुसऱ्या बाजूनं पाहिलं तर शेपटी वळणार होती. चहाचा चोथा टाकायला त्यांनी कचऱ्याचा डबा उघडला, तेव्हा कुबट वास आला. टरफलांखाली एक बुडखा होता, बुळबुळीत, मुळ्या काळ्या पडलेल्या. त्यांनी तो अंगठ्यानं पुसला. सालीवर शेपटी डावीकडे होती.

त्यांनी तो होता तसा झाकून ठेवला. हात धुतले. धुतलेले हात पुन्हा धुतले. पाणी बदलत होतो मी. रोज. देवा, बदलत होतो ना?

“काय बाबा, तुमचं पीक काय म्हणतंय?” मुलगा बुटाची नाडी बांधत म्हणाला. “आज महिना भरला, नाही का?”

बाबांची नजर कचऱ्याच्या डब्याकडे गेली.

“ऐटीत आहे,” सून ओट्याकडेच बघत म्हणाली. “एक दिवस पाणी चुकलं नाही.”

मुलानं वाकून हिरवी पात पाहिली. “कमाल आहे. बरं, राहू दे मग तो आश्रमाचा विषय.” आणि पिशवी खांद्याला लावून तो कामावर गेला.

दार लागलं. सून ओटा पुसत राहिली. ओटा केव्हाच कोरडा झाला होता.

बाबा आत जाऊन सुई घेऊन आले. पेल्यातला बुडखा अलगद उचलून त्यांनी तिच्या तळहातावर ठेवला, सुई तिच्या बोटांत दिली आणि आपला हात तिच्या हातावर टेकवला.

“पोरी,” ते म्हणाले, “शेपटी डावीकडे असते.”