डाव्या कुशीतले खिळे

मित्रांनो, मी पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, फाझाच्या वाळूत आडवे पडलेले एक जुने गलबत आहे. मला बांधताना लोखंडाचा एक तुकडाही वापरला गेला नाही. सुतारांनी फळ्यांना भोके पाडली आणि काथ्याच्या दोरीने मला शिवले. एक जण बाहेरून दोरी ओढी, एक जण आतून. आतला होता तरुण फमाऊ. पुढे तोच माझा नाखवा झाला. दोरी वळली होती त्याच्या थोरल्या बहिणीने, म्वानेशाने.

चटईचे शीड उभारून मी कांदळाचे वासे लामूला नेत असे. मी पाझरत असे, हे खरे. खलाशी सतत पाणी उपसत. पण वाळूच्या दांड्यावर आदळले, तरी माझे अंग वाकत असे, फुटत नसे. दरवर्षी जुने टाके काढून मला नव्याने शिवत. तेव्हा फमाऊ माझ्या फळीवर हात ठेवून म्हणे, "हे माझं लेकरू आहे. याला लोखंड लागू देणार नाही मी."

मग लामूच्या बंदरात खिळ्यांनी जोडलेली गलबते वाढली. त्यांवरचे खलाशी ओरडत, "काय नाखवा, गोधडी घेऊन निघालात का समुद्रात? झोपायला बरी आहे हं!" सारा किनारा हसे. फमाऊ मान खाली घाली.

एका वर्षी शिवणीच्या दिवसांत त्याने खिळे आणले.

"अरे, डोकं फिरलं का तुझं?" म्वानेशा म्हणाली. "दोरी वळून तयार आहे की!"

"ताई, तुझ्या दोरीपायी हसं झालंय माझं. हवी तर उजवी बाजू शिवू. डावीला खिळेच."

"आणि आदळलं म्हणजे? एक कूस वाकणार, दुसरी ताठ राहणार. मग याचं काय होईल?"

"तू दोरी वळ. गलबत मी चालवतो."

आतून दोरी ओढणाऱ्या त्याच हाताने त्याने पहिला खिळा ठोकला.

त्याच हंगामात मी नेहमीच्या दांड्यावर आदळले. उजवी कूस वाकली. डावी ताठ राहिली आणि खिळ्यांच्या ओळीने चिरत गेली. वासे वाहून गेले; उजव्या कुशीला धरून माणसे मात्र किनाऱ्याला लागली.

लोक जमले. फमाऊ त्यांना म्हणाला, "जुनं झालं होतं. आतून कुजलं होतं."

मित्रांनो, तो आघात मी सोसला होता. हे शब्द सोसवले नाहीत.

"कुजलं होतं?" म्वानेशा म्हणाली. "मग तुला जिवंत कोणी आणलं रे?"

तो माझ्याकडे न पाहता निघून गेला.

मला पुन्हा शिवा, अशी विनंती मी करणार नाही. ती वेळ गेली. एवढेच मागते: जे तुमच्या हातून मोडेल, ते आधीच कुजले होते, असे तरी म्हणू नका.