मुकी घंटा

भाद्रपदातली दुपार कलली होती. डोंगरउतारावर तेरड्याची गुलाबी झिलई, खाली पोटरीला आलेलं हिरवंगार भात, आणि त्या हिरव्या-गुलाबी वैभवातून दुथडी भरून धावणारा फेनिल, तांबडा वहाळ. ऊन सोन्याचं होतं. पाणी मात्र भयंकर होतं.

वहाळाच्या पलीकडच्या काठावरून वैजयंती गौर घेऊन निघाली. तांब्याच्या ताम्हनात खडे: जलस्नात, नितळ, तेरड्याच्या पाकळ्यांत निजलेले. घरची रीत कडक होती. गौर आणणारीने तोंडात पाण्याची चूळ धरायची. बोलायचं नाही, मागे वळायचं नाही. वळलं तर गौर आल्या पावली परत जाते आणि जाताना घरातलं काहीतरी घेऊन जाते, असं सासूबाई सांगत.

थोरल्या जाऊबाई एकदा वळल्या होत्या. त्याच वर्षी त्यांचं तान्हं गेलं. घरात कुणी तो विषय काढत नसे, पण विसरलंही नव्हतं कुणी.

मागून वैजयंतीची लेक येत होती. चिमुकली रेवा, परकर सावरीत, पूजेची घंटा वाजवीत. किणकिण, किणकिण. न वळता लेक दिसावी, तसा तो नाद.

साकव आला. पोफळीच्या ओंडक्यांचा, शेवाळलेला, एका अंगाला बांबूचा कठडा. वैजयंती जपून घराकडच्या काठावर उतरली. मागे किणकिण, किणकिण...

आणि नाद थांबला.

पाणी बोलत होतं. वारा बोलत होता. घंटा बोलत नव्हती.

वैजयंतीने पाऊल रोखलं. वाजव गं, एकदाच वाजव. वळावं, तर डोळ्यांपुढे जाऊबाईंचा रिकामा पाळणा. न वळावं, तर पाठीशी तो मुका साकव. इकडे आड, तिकडे विहीर. तोंडातलं पाणी बर्फासारखं गार झालं. इतकी भीती तिला जन्मात कधी वाटली नव्हती.

ती वळली.

साकवाच्या मधोमध रेवा. एक पाय ओंडक्यांच्या फटीतून गुडघ्यापर्यंत खाली गेलेला, दोन्ही मुठींत कठडा, घंटा केव्हाच प्रवाहात गेलेली. डोळे विस्फारलेले. आणि गाल टम्म फुगलेले.

आईचं पाहून तिनेही चूळ धरली होती. जीव जायची वेळ आली, तरी पोर ओरडत नव्हती.

"टाक ते पाणी! रेवा, ओरड!" चूळ थुंकून वैजयंती किंचाळली. ताम्हन काठावर पडलं, खडे गडगडत वहाळात गेले. मग एकदाचा तो टाहो फुटला, "आई गं!" आणि आई धावली.

दारात सासूबाई दूधपाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. त्यांनी रिकामं ताम्हन पाहिलं.

"वळलीस?"

"वळले, आई." कुणी ओढून नेईल अशा धास्तीने तिने कडेवरच्या रेवाला कवटाळलं.

सासूबाईंनी तांब्या मागे घेतला. तेवढ्यात थोरल्या जाऊबाई पुढे आल्या. त्यांनी तो काढून घेतला, रेवाला उंबऱ्याशी उतरवलं, तिच्या पावलांवर, खरचटलेल्या पावलावरही, दूधपाणी ओतलं आणि रीतीप्रमाणे विचारलं,

"गौर आली, गौर आली. कशाच्या पावलांनी आली?"

'सोन्याच्या पावलांनी' म्हणायचं असतं.  

उत्तराची वाट न पाहता रेवा उंबरा ओलांडून आत गेली. कुंकवाच्या रेखीव पावलांशेजारी तिची पावलं उमटत गेली. एक ओलं, एक रक्ताळलेलं, एक ओलं, एक रक्ताळलेलं, थेट देव्हाऱ्यापर्यंत.