दुसरी वाट

"सर, एरर तर काहीच नाहीये. मग हलत का नाही?" हितेशने स्क्रीनकडे बोट दाखवलं.

"हलेल कसं? दोन्ही वाटा बंद आहेत," विश्वास म्हणाला. "अशा वेळी हे तक्रार करत नाही. वाट बघत बसतं."

"वाट नाही म्हणून वाट बघतं? आपली मराठी पण कमाल आहे यार."

नोएडातल्या या डेटा सेंटरमध्ये विश्वासची उमेदीची सगळी वर्षं गेली होती. सर्व्हरपासून स्टोरेजपर्यंत दोन केबल. एक गेली की भार आपोआप दुसरीवर जातो, आणि वरच्या मजल्यावर कुणाचा चहासुद्धा थांबत नाही. पंचाईत एवढीच, की पहिली गेल्याचं कुणाच्या गावीही नसतं. आज दुसरी गेली, तेव्हा कुठे पहिली दिवाळीपासून मेलेली असल्याचं कळलं.

"अलर्ट आला असेल ना?"

"आला होता. मीच बंद केला. काम चालू होतं ना," विश्वास म्हणाला.

त्याने केबल बदलली. अडलेलं सगळं काम भराभर पुढे सरकलं, एक अक्षरही हरवलं नाही. हितेश "चलो, वाचलो" म्हणाला, तेवढ्यात विश्वासचा फोन वाजला. फिजिओथेरपीवाली बाई होती.

"हेमांगी जी का नंबर बंद आ रहा है. अंकल जी महीने भर से आए नहीं. हाथ फिर जकड़ जाएगा."

"आज लाता हूँ," विश्वास म्हणाला. क्लिनिकचा पत्ता विचारायची त्याला लाज वाटली.

विश्वास वडिलांचं किती करतो, असं सगळे नातेवाईक म्हणत, आणि गंमत म्हणजे त्यालाही ते खरं वाटे. तात्यांना अर्धांगवायू झाला तेव्हा सुरुवातीला त्याने केलंही. मग ऑफिसातून फोन येत गेले आणि औषधं, आंघोळ, व्यायाम एकेक करून त्याच्या बायकोकडे, हेमांगीकडे गेलं. ठरवलं कुणीच नाही. थंडीत एकदा ती म्हणाली होती, "हल्ली जिना चढताना दम लागतो रे." तो म्हणाला होता, "रविवारी डॉक्टरकडे जाऊ, बिल्कुल." बरेच रविवार गेले. तिने पुन्हा विषय काढला नाही, आणि घर चालू होतं. गेल्या महिन्यात ती ओट्यापाशी कोसळली ती उठलीच नाही.

अर्धी रजा टाकून तो दिल्लीतल्या द्वारकेला घरी आला. तात्या एका हाताने जमतील तसे बूट घालून दारापाशी खुर्चीत बसले होते. आजारपणानंतर त्यांच्या लक्षात काही राहत नसे; हेमांगी गेल्याचं त्यांना रोज नव्याने सांगावं लागे. आठवड्याभरातच विश्वासने ते सांगणं सोडलं होतं.

"चला तात्या, व्यायामाला."

"हेमा नेते मला. तू ऑफिसला जा, उशीर होईल."

"आज मी नेतो. कुठल्या रस्त्याने जाता तुम्ही?"

"मला काय ठाऊक? मी तिचा हात धरून जायचो."

पत्ता विचारायला विश्वासने फोन काढला, पण बोट सवयीने हेमांगीच्या नावावर पडलं. नंबर बंद असल्याचं सांगणारा आवाज आला. त्याने तो शेवटपर्यंत ऐकला.

"लागत नाही का?" तात्या म्हणाले. "येईल रे ती. बस जरा."

आणि चालत्या हाताने त्यांनी शेजारची खुर्ची त्याच्यासाठी ओढली.